आकाशातल्या पाहुण्याचं बारसं

‘फ्युचरामा’ या विनोदी अमेरिकी ॲनिमेशन मालिकेत निब्लर नावाचं परग्रहावरचं एक चिमुकलं जनावर आहे. स्वतःहून कितीतरी थोराड प्राणी ते गिळतं आणि त्याची विष्ठा यानाला इंधन म्हणून चालते. त्याचं कूळ शोधत गेलं तर वाट लेखकांच्या टेबलापाशी संपते. पुण्याच्या खात्यावर मात्र परग्रहवासी असल्याचा खराखुरा संशयित आहे. विनोदी बिलकुल नाही, आणि सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसायचाही नाही.

तो एक जिवाणू, नाव जॅनिबॅक्टर हॉयली. नावातले हॉयल म्हणजे केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल. जीवसृष्टीचं बी अंतराळातून पृथ्वीवर पडलं, असं ते चंद्र विक्रमसिंघे यांच्यासह हट्टाने मांडत राहिले. त्याआधी, १९५७मध्येच, त्यांनी ‘द ब्लॅक क्लाउड’ कादंबरीत चक्क विचार करणारा ढग सूर्याजवळ आणून सोडला होता. त्यांचे शिष्य जयंत नारळीकर. त्यांनी १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आपलीच आद्याक्षरं उलटी करून, आणि बक्षीसही मिळवलं. दोघेही कथा रचणारे. गोष्टीतला परग्रहवासी प्रयोगात शोधायची हौस अशाच माणसांना असणार.

२० एप्रिल २००५ रोजी हैदराबादहून ‘इस्रो’च्या प्रयोगासाठी एक अवाढव्य फुगा वर गेला. त्याला ४५९ किलोंचं सामान टांगलेलं. त्यात निर्जंतुक, हवा काढून टाकलेल्या पोलादी नळ्या, द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या. झडप उघडली की बाहेरची विरळ हवा आत ओढली जाऊन गोठायची. २० ते ४१ किलोमीटर उंचीवर हवा भरून घेतली आणि नळ्या पॅराशूटने खाली आल्या. प्रमुख संशोधक होते पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलसंस्थेचे नारळीकर. तपासणी दोन ठिकाणी वेगवेगळी झाली: हैदराबादला ‘सीसीएमबी’ या जीवशास्त्र संस्थेत आणि पुण्याला गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात. एकाच्या प्रयोगशाळेतला जंतू नमुन्यात शिरला तर दुसऱ्याकडे तो पकडला जावा, हा हिशेब.

जिवाणूंच्या बारा वसाहती वाढल्या. नऊ ओळखीच्या निघाल्या. तीन प्रजाती मात्र नव्या, आणि अतिनील किरणांपुढे आपल्या जवळच्या भाऊबंदांपेक्षा चिवट. २००९मध्ये त्यांचं बारसं झालं: एक हॉयल यांच्या नावाने, एक आर्यभटांच्या, एक ‘इस्रो’च्या. हॉयल २००१मध्येच गेले होते.

‘इस्रो’ने तेव्हाच सांगितलं होतं की यातून या जिवाणूंचं परग्रहीय मूळ सिद्ध होत नाही. माझ्या मते या प्रयोगाची खरी शान याच वाक्यात आहे. मथळ्यांना ते रुचलं नसेल. आर्यभटांच्या नावाचा जिवाणू पुढे जमिनीत, पिकांच्या मुळांशीही सापडत गेला. ‘इस्रो’वाल्याचं कूळ बदलून तो सॉलिबॅसिलस झाला, म्हणजे नावातच माती आली. हॉयली तेवढा अजून जॅनिबॅक्टरच आहे.