साडेअकराचा झोत

घड्याळ मागे फिरवा. जून २०१९, अमेरिकेतल्या ॲरिझोनाचं पेज गाव. मोबाइलवर मात्र विसंबू नका. नावाहो राष्ट्राच्या हद्दीत उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे असतात, बाकीच्या ॲरिझोनात नसतात. त्यामुळे फोन अधूनमधून उडी मारतो. टूर सुटते ती पेजच्या वेळेनं.

वाळूतून धक्के खात तुम्ही अप्पर अँटिलोप कॅन्यनच्या तोंडाशी उतरता. लेन्स बदलायची असेल तर ती गाडीत चढण्याआधीच बदललेली बरी. घळीत वरून बारीक वाळू झिरपत असते. ती सेन्सरवर बसली की दिवसाचं वाटोळं. वाइड लेन्स लावा आणि विसरून जा.

आत खांद्याला खांदा. शेजाऱ्याच्या ट्रायपॉडचा पाय तुमच्या नडगीला लागतो, मागून कोणीतरी "सॉरी" पुटपुटतं. साडेअकराला छतातल्या फटीतून उन्हाचा झोत थेट जमिनीवर उतरतो. गाइडबाई हात आडवा करून मागचा घोळका थोपवतात आणि फावडंभर वाळू झोतात उडवतात. सगळे शटर एकदम वाजतात. तुम्ही थांबा. जाड वाळू खाली बसू द्या. धूळ तेवढी तरंगत राहिली की झोताची कड स्पष्ट उमटते. एक्स्पोजर झोतावर धरा. काळवंडलेली भिंत रॉ फाइलमधून बरीचशी वर काढता येते, जळालेला पांढरा पट्टा काही केल्या परत येत नाही. व्हाइट बॅलन्सही ऑटोवर नको, दगडाचा भगवा फिका पडतो. 'क्लाउडी' ठेवा.

गर्दीवर माझा उपाय एकच: कॅमेरा वर करा. ही घळ तळाशी रुंद, वर चिंचोळी. माणसं सगळी खालच्या सहा फुटांत. त्यांच्या डोक्यावर शंभरेक फूट दगड रिकामा पडलेला असतो. त्यावरच्या बारीक रेघा म्हणजे जुरासिक काळात वाऱ्यानं रचलेल्या वाळूच्या टेकड्यांचे थर. वळणं नंतर पुराच्या पाण्यानं कोरली. आकाशाची फट तेवढी चौकटीबाहेर ठेवा.

भोवतालच्या कोणाला ठाऊक नाही, पण तुम्हाला आहे: या वर्षाच्या अखेरीस ट्रायपॉडवाल्या खास टूर बंद होणार आहेत. तेव्हा ट्रायपॉड मिटून आत्ताच सराव करा. आयएसओ १६०० किंवा वर, कोपरं बरगड्यांना टेकवलेली, श्वास रोखलेला. रांगेत शेवटी राहा. पुढचे वळणाआड गेले की मागचा गट येईपर्यंत काही क्षण वाट मोकळी असते.

गाइड "चला पुढे" म्हणाल्या की मात्र हुज्जत घालू नका. १२ ऑगस्ट १९९७ रोजी शेजारच्या लोअर कॅन्यनमध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात ११ पर्यटक गेले. पाऊस पडला होता तो कित्येक मैल दूर.

असे झोत उन्हाळ्याच्या महिन्यांत, दुपारच्या आसपासच मिळतात, आणि गर्दीही तेव्हाच. नुसते भिंतींचे रंग हवे असतील तर सरळ हिवाळ्यात जा.