शेवग्याची छाटणी : कधी, कुठून आणि किती

बांधावर, विहिरीच्या कडेला नाहीतर परसात एखादा शेवगा असतोच. पण बऱ्याच ठिकाणी लावल्यापासून त्याला कोयता लागलेला नसतो. हिरवंगार झाड तोडायला जीव होत नाही. मग झाड वीस-पंचवीस फुटांवर जातं, शेंगा शेंड्याला लागतात आणि त्या काढायला पोरं वर चढतात. घात होतो तो इथंच. शेवग्याचं लाकूड मऊ आणि ठिसूळ. फांदी वाकून इशारा देत नाही, कडकन मोडते. वळवाच्या वाऱ्यात तीच फांदी पत्र्यावर नाहीतर विजेच्या तारेवर येते.

कधी छाटावं?
उन्हाळी शेंगांचा तोडा संपला की, पाऊस लागायच्या आत. भर पावसात छाटणी नको. कापलेल्या जागी पाणी मुरून खोड सडतं.

नवीन झाड
रोप अडीच फुटांचं झालं की शेंडा खुडावा. बगलेतून फांद्या फुटतात. त्यातल्या चार दिशांच्या चार ठेवाव्यात.

जुनं झाड
पीकेएम-1 सारख्या बियांपासून लावलेल्या वाणाचं झाड हंगाम संपल्यावर जमिनीपासून साधारण तीन फुटांवर कापतात. नवीन फुटव्यांना चार-पाच महिन्यांत पुन्हा शेंगा लागतात. गावरान झाडाच्या मुख्य फांद्या फूट-दोन फूट ठेवून वरचं काढावं.

जाड फांदी कशी कापावी?
आधी खालच्या बाजूने थोडी करवत चालवावी, मग दोन बोटं पुढं वरून कापावी. नाहीतर फांदी खाली येताना खोडाची साल सोलून नेते. शेवटचा काप तिरका घ्यावा, म्हणजे पाणी साचत नाही. तारेजवळची फांदी मात्र वायरमनला सांगून, लाईन बंद करूनच काढावी.

जखमेला मलम
कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावावी. 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 10 लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत निम्म्या-निम्म्या पाण्यात भिजवून मग एकत्र करावेत. लोखंडी भांडं वापरू नये.

नंतरची निगा
खोडावर फुटव्यांची गर्दी होते. जोमदार सहा-आठ ठेवून बाकीचे हातानेच मोडावेत. शेणखत द्यावं, पाणी बेतानं. पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचे पुंजके बसतात. झाड बुटकं असलं की ते लगेच दिसतात. अळ्यांना उघडा हात लावू नये, खाज सुटते.

छाटलेलं वाया जात नाही. पाला शेळ्या खातात, कोवळ्या पाल्याची भाजी होते. गावरान शेवग्याच्या मनगटाएवढ्या जाड, तीन-चार फुटी फांद्या पावसाच्या तोंडावर रोवल्या तर त्यांनाच फूट येते.

झाड हाताच्या उंचीवर राहिलं तर शेंग घरातल्या म्हातारीलाही तोडता येते आणि वर चढायची कुणावर पाळी येत नाही.