शेजाऱ्याच्या स्वातंत्र्याचा हिशेब

स्वातंत्र्यलढ्यांचा इतिहास बहुधा एकेका देशाच्या नावाने लिहिला जातो. एक देश, एक पक्ष, एक नेता आणि शेवटी वर चढणारा झेंडा. या मांडणीत शेजाऱ्याला जागा नसते. ज्याच्या रानात लढवय्ये लपले, ज्याच्या कणगीतले धान्य त्यांनी खाल्ले, ज्याच्या वस्तीवर त्यांच्यापायी बॉम्ब पडले, तो शेजारी विजयाच्या छायाचित्रात दिसत नाही. मोझांबिक आणि झिंबाब्वे यांचा इतिहास मी मुद्दाम या शेजाऱ्याच्या बाजूने वाचतो. शोषितांच्या एकजुटीबद्दल आपण सभांतून पुष्कळ बोलतो. ती एकजूट प्रत्यक्षात कशी चालते, तिची किंमत कोण भरतो आणि ती कुठे अपुरी पडते, हे या दोन देशांइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल.

या सहकार्याची एक सुरुवात १९६१ च्या एप्रिलमध्ये कासाब्लांकाला झाली. पोर्तुगीज वसाहतींतील राष्ट्रवादी संघटनांची परिषद तेथे भरली. अंगोला, गिनी-बिसाव, मोझांबिक यांच्याबरोबर गोव्याचे प्रतिनिधीही तिथे होते. शत्रू एकच होता, तेव्हा लढायांची सांगडही घातली पाहिजे, हा विचार साधा होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गोवा पोर्तुगीजांच्या हातून सुटला. आफ्रिकेतल्या वसाहतींना आणखी तेरा-चौदा वर्षे रक्त सांडावे लागले. पण गोव्यात जन्मलेले आकिनो द ब्रागांसा आपला गोवा सुटला म्हणून घरी बसले नाहीत. ते या परिषदेचे काम करीत राहिले आणि पुढे मोझांबिकचेच झाले.

फ्रेलिमो ही मोझांबिकची मुक्ती आघाडी. १९६२ साली तिचा जन्म झाला तोही शेजाऱ्याच्या घरी, दार-ए-सलाममध्ये. टांगानिकाला स्वतःला स्वतंत्र होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. तरी न्येरेरे यांनी जागा दिली, तळ दिले. १९६४ च्या सप्टेंबरात सशस्त्र लढा सुरू झाला.

पलीकडे ऱ्होडेशियात सुमारे अडीच लाख गोऱ्यांनी पन्नास लाखांच्या आसपास आफ्रिकनांना दाबून ठेवले होते. देशाची जवळजवळ निम्मी जमीन, तीही चांगली, गोऱ्यांच्या नावे होती. १९६५ च्या नोव्हेंबरात इयान स्मिथ यांनी ब्रिटनला झुगारून 'स्वातंत्र्य' जाहीर केले. हे स्वातंत्र्य मालकांचे होते. गुलामांना गुलाम ठेवण्याची मोकळीक, एवढाच त्याचा अर्थ.

त्याविरुद्ध उठलेल्या तरुणांपुढे अडचण भूगोलाची होती. झांबियातून यायचे तर झांबेझी ओलांडायची आणि विरळ वस्तीच्या, कोरड्या खोऱ्यातून चालत राहायचे. १९६६ साली सिनोया येथे सात जण असेच गाठून मारले गेले. ही कोंडी शेजाऱ्याने फोडली. १९६८ पासून फ्रेलिमो टेटे प्रांतात लढत होती, आणि टेटेची हद्द ऱ्होडेशियाला लागून आहे. १९७० नंतर झानूचे मोजके लढवय्ये फ्रेलिमोच्या तुकड्यांबरोबर टेटेत राहिले. त्यांना वाट मिळाली, पण वाटेहून मोठी गोष्ट म्हणजे पद्धत मिळाली. आधी खेड्यात जा, लोकांचे दुःख समजून घ्या, त्यांना संघटित करा, बंदूक त्यानंतर. १९७२ च्या डिसेंबरात ईशान्य ऱ्होडेशियातील एका गोऱ्याच्या मळ्यावर हल्ला झाला आणि युद्धाचे रूप पालटले.

२५ जून १९७५ रोजी मोझांबिक स्वतंत्र झाला. देश कंगाल, साक्षर माणसे थोडी, पोर्तुगीज तंत्रज्ञ निघून गेलेले. उत्पन्नाचा मोठा आधार रेल्वे आणि बंदरे, आणि त्यांवरून जाणारा बराचसा माल ऱ्होडेशियाचा. 'आधी आपले घर सावरू' असे सामोरा माशेल म्हणाले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता. ३ मार्च १९७६ रोजी त्यांनी ऱ्होडेशियाची सीमा बंद केली. वाहतुकीचे उत्पन्न बुडाले, पलीकडे कामाला जाणाऱ्यांची मजुरी बुडाली. ऑगस्टमध्ये न्याझोन्याच्या छावणीवर आणि पुढल्या वर्षी चिमोयोवर ऱ्होडेशियन फौजेने हल्ले केले. निर्वासितांची प्रेते रांगेने पुरावी लागली. ऱ्होडेशियाच्या हेरखात्याने रेनामो नावाची टोळी उभी केली, पुढे दक्षिण आफ्रिकेने ती पोसली. झिंबाब्वे १८ एप्रिल १९८० रोजी स्वतंत्र झाला. मोझांबिकच्या खेड्यांतली आग मात्र १९९२ पर्यंत विझली नाही.

हे ऋण झिंबाब्वेने काही अंशी फेडले. बैरा बंदराकडे जाणारा लोहमार्ग आणि तेलवाहिनी राखायला त्याचे सैन्य मोझांबिकमध्ये लढले. पण शेजारधर्मालाही शक्तीची मर्यादा असते. १९८४ च्या मार्चमध्ये जर्जर झालेल्या मोझांबिकला वर्णद्वेष्ट्या दक्षिण आफ्रिकेशी न्कोमाटी करार करावा लागला आणि आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या बहुतेक कार्यकर्त्यांना बाहेर काढावे लागले. माशेल यांना त्यासाठी भित्रे म्हणणे सोपे आहे. उपाशी माणसाच्या दारात दुसऱ्याची लढाई किती काळ उभी राहू शकते, हा खरा प्रश्न आहे. १९ ऑक्टोबर १९८६ रोजी म्बुझिनीच्या टेकडीवर माशेल यांचे विमान कोसळले. त्यांच्याबरोबर आकिनो द ब्रागांसाही गेले.

या इतिहासाची दुसरी बाजू झाकून ठेवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. ज्या झानूला शेजाऱ्याने आपल्या रक्तावर उभे केले, त्याच झानूच्या सरकारने १९८३ पासून माटाबेलेलँडमध्ये पाचवी ब्रिगेड घातली. न्देबेले समाजातील हजारो निःशस्त्र माणसे मारली गेली. त्यांचा पक्ष झापू. तोही गोऱ्यांविरुद्धच लढलेला. देश सार्वभौम झाला होता, पण ते सार्वभौमत्व या माणसांपर्यंत पोचले बंदुकीच्या नळीतून.

इथे मला बाबासाहेब आठवतात. १९३० च्या गोलमेज परिषदेत त्यांनी परकी सत्तेच्या जागी लोकांचे राज्य मागितले, आणि त्याच दमात विचारले की ही सत्ता कोणाच्या हाती जाणार? त्यांना राष्ट्रद्रोही ठरवणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर दिले नाही. त्याच बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिले. निग्रो समाजाने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती, कारण अस्पृश्यांचा प्रश्नही तिथे न्यावा असे त्यांच्या मनात होते. घरातला प्रश्न विचारणारा आणि दूरचा सोबती शोधणारा माणूस एकच होता. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत, हे आपल्या चळवळीने समजून घेतले पाहिजे.

मोझांबिकच्या शेतकऱ्याने शेजाऱ्याचे स्वातंत्र्य आपल्या कणगीतून मोजून दिले. न्देबेले शेतकऱ्याला त्या स्वातंत्र्याने काय दिले, हेही त्याच हिशेबात लिहावे लागेल. शोषितांची एकजूट हवीच, पण सोबत्याच्या घरातला शेवटचा माणूस कसा जगतो हे विचारण्याचा हक्क आपण गहाण टाकता कामा नये. आणि तोच प्रश्न तो आपल्याला विचारील, तेव्हा तोंड फिरवता कामा नये.