प्वारेची पेढी आणि परदेशचीं प्रदर्शनें

व्यापाराच्या इतिहासांत मोठमोठ्या कंपन्यांचीं चरित्रें पुष्कळ आढळतात. लहान पेढ्यांचीं फार थोडीं. ज्याच्या हातीं कसब आहे, पदरीं चार कारागीर आहेत, आपलें म्हणून एक नांव आहे, परंतु पाठीशीं मोठें भांडवल नाहीं, असा मनुष्य परमुलखीं आपला माल मांडावयास निघाला म्हणजे त्याचें पुढें काय होतें, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. पोशाखाच्या धंद्यांत तर तो विशेष बिकट आहे. अत्तराची कुपी विकली म्हणून अत्तर काढण्याची कृति गिऱ्हाइकाच्या हातीं जात नाहीं. पण झगा एकदां दाखविला कीं, जाणत्या पाहणाराच्या डोळ्यांबरोबर त्याचा सगळा बेत निघून जातो. दाखविल्यावांचून विक्री नाहीं, आणि दाखविलें कीं मक्तेदारी संपली! पॅरिसच्या पॉल प्वारे या शिंप्याची हकीकत या दृष्टीनें वाचण्याजोगी आहे.

प्वारेचा जन्म १८७९ सालीं पॅरिसमध्यें एका कापडवाल्याच्या घरीं झाला. बापानें त्यास छत्र्या करणाऱ्या एका दुकानदाराच्या हाताखालीं उमेदवारीस ठेविलें. तेथें उरलेल्या रेशमाच्या चिंध्या घरीं आणून तो एका लांकडी बाहुलीस नेसवीत बसे. पुढें दूसे व वर्थ या दोन नामांकित पेढ्यांत नोकरी करून १९०३ सालीं त्यानें स्वतःचें दुकान थाटलें. १९०५ सालीं दनीझ बूले हिच्याशीं त्याचा विवाह झाला, आणि हीच सडपातळ बायको त्याच्या नव्या बेतांचा चालताबोलता नमुना ठरली. हाडांच्या काड्या घालून आवळलेल्या कॉर्सेटांतून स्त्रियांची कंबर सोडविण्याचें श्रेय त्याला देतात. त्यानेंच थोड्या वर्षांनीं पायांशीं इतका अरुंद घागरा काढला कीं, बायकांना धड पाऊल टाकतां येईना. पण तो भाग येथें सोडून देऊं. १९११ सालीं त्यानें एका मुलीच्या नांवें अत्तरांची व दुसरीच्या नांवें गृहशोभेच्या वस्तूंची अशा दोन शाखा उघडल्या. या दुसऱ्या शाखेची कल्पना त्यास बर्लिन व व्हिएन्ना येथील नव्या कलाकारांचें काम पाहून सुचली होती. परदेशीं जाणारा व्यापारी नुसता देऊन येत नाहीं, घेऊनहि येतो, हें वाचकांनीं येथेंच लक्षांत ठेवावें.

परमुलखीं त्याचें नांव गाजलें तें १९०९ सालीं, लंडनांत. मुख्य प्रधान अ‍ॅस्क्विथ यांच्या पत्नी मार्गट यांनीं डाउनिंग स्ट्रीटवरील सरकारी निवासस्थानीं चहाच्या प्रसंगीं प्वारेचे पोशाख मांडविले. खुल्या व्यापाराचा पुरस्कार करणाऱ्या प्रधानाच्या दिवाणखान्यांत फ्रेंच शिंप्यानें बाजार भरवावा, आणि इंग्लिश शिंप्यांनीं तोंडाकडे पाहत बसावें, याचा वर्तमानपत्रांनीं असा गवगवा केला कीं, डाउनिंग स्ट्रीटचें 'गाउनिंग स्ट्रीट' असें नामकरण झालें. बाईंना मनस्ताप झाला. प्वारेची फुकट जाहिरात झाली.

त्या काळचे पॅरिसचे प्रतिष्ठित शिंपी गिऱ्हाइकाची वाट पाहत आपल्या दिवाणखान्यांत बसत. प्वारे स्वतःच गिऱ्हाइकाकडे निघाला. १९११ सालीं, अंगावर पोशाख घालून दाखविणाऱ्या मुलींचा एक तांडा बरोबर घेऊन, सर्वांना एकसारखा गणवेश देऊन, तो मोटारींतून युरोपभर हिंडला. बर्लिन, वॉर्सा, मॉस्को, सेंट पीटर्सबर्ग, बुखारेस्ट, बुडापेस्ट, व्हिएन्ना येथें त्याचे खेळ झाले. 'खेळ' हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजला आहे. कारण नाटकमंडळीच्या दौऱ्याशीं या प्रवासाचें फार साम्य होतें. फरक इतकाच कीं, नाटक पाहून प्रेक्षकाला घरीं जाऊन तसेंच नाटक करतां येत नाहीं. येथें पुढल्या रांगेंत जो बसला असेल तो गिऱ्हाईक आहे कीं गांवचा शिंपी आहे, हें तिकिटावरून कसें ओळखावें?

या धास्तीचें प्रत्यक्ष रूप त्याला १९१३ सालीं अमेरिकेंत दिसलें. तो पत्नीसह न्यूयॉर्कला उतरला तेव्हां तेथील मोठ्या दुकानांनीं त्याच्या नांवाचा उदोउदो आधींच चालविला होता. 'ल मिनारे' या नाटकासाठीं त्यानें दिव्याच्या छत्रीसारखा घेर असलेले अंगरखे बेतले होते, त्यांचें तर वेडच लागलें होतें. परंतु दुकानें पाहत हिंडतांना आपण कधींहि न शिवलेल्या मालावर आपल्या नांवाच्या पट्ट्या टांचलेल्या त्यास आढळल्या. नमुना चोरला तर चोरला, येथें नांवच चोरलें होतें! कायद्याची स्थितीहि चमत्कारिक होती. फ्रान्समध्यें १९०९ च्या कायद्यानें नमुन्यांस कांहीं संरक्षण मिळालें होतें. अमेरिकेंत व्यापारी छापाला संरक्षण होतें, पण कपड्याच्या बेतास नव्हतें. म्हणजे पट्टी खोटी असेल तर फिर्याद चाले. पट्टी उसवून तोच झगा विकला तर न्यायाधीश हात जोडून मोकळे. प्वारेनें परत येऊन १९१४ सालीं फ्रेंच शिवणपेढ्यांचा एक संरक्षकसंघ स्थापन केला व आपण त्याचा अध्यक्ष झाला. लागलीच महायुद्ध पेटलें, आणि अध्यक्षमहाराज सैनिकांचे डगले बेतण्याच्या कामीं लागले.

येथवर वाचून वाचकांचें मन प्वारेकडे झुकलें असेल. आमचेंहि झुकतें, परंतु त्याच गृहस्थानें १९३० सालीं प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रांत दुसरी एक गोष्ट मोठ्या खुषीनें सांगितली आहे. लंडनला असतांना साउथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयांत त्यानें हिंदी पागोट्यांचा संग्रह पाहिला. तो पाहून त्याचें भान हरपलें. अधिकाऱ्यांची परवानगी काढून त्यानें पॅरिसहून आपली एक मुख्य शिवणकारीण बोलावून घेतली, आणि तिला आठ दिवस त्या कपाटांपुढें बसवून पागोट्यांचे पीळ व घड्या उतरवून घ्यावयास लाविलें. थोड्याच आठवड्यांत पॅरिसच्या बायकांच्या डोक्यांवर पागोटीं दिसूं लागलीं. आमच्याकडे पागोटें बांधणें हा पिढीजात हुन्नर होता, पगडबंद हा स्वतंत्र धंदाच होता. जातीजातीची, गांवोगांवची घडी निराळी, आणि ती ओळखणारे डोळेहि होते. त्या हुन्नराची किंमत शिवणकारणीच्या आठ दिवसांच्या मजुरीएवढी ठरली. पगडबंद पट्टी टांचीत नसे, म्हणून पट्टी चोरल्याचा आरोपहि कोणावर येत नाहीं.

हा हिंदी माल त्या संग्रहालयांत कसा गेला याचा विचार केला तर प्रदर्शन या संस्थेचें एक अंग अधिक स्पष्ट होतें. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनापासून हिंदी कारागिरीची विलायतेंत वाहवा होत होती. पुढें लंडनच्या इंडिया म्यूझियमचे चालक डॉ. जॉन फोर्ब्स वॉटसन यांनीं १८६६ सालीं हिंदी कापडाच्या नमुन्यांचे अठरा खंड सिद्ध केले. हे डॉक्टर पूर्वी मुंबई इलाख्याच्या सैन्यांत शस्त्रवैद्य होते व मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकवीत असत. शव चिरण्याची संवय त्यांस येथेंहि उपयोगी पडली असें विनोदानें म्हणतां येईल! एकेका संचांत सातशें तुकडे, कापून, चिकटवून, मोजमापांसह. आणि असे वीस संच. त्यांपैकीं तेरा विलायतेंत ठेवले, सात हिंदुस्थानांत धाडले. हेतु लपविलेला नव्हता. हिंदी लोक काय नेसतात, धोतर किती लांब, लुगड्याचा कांठ कसा, पागोटें किती हात, हें विलायतेच्या गिरणीवाल्यांस समजावें, म्हणजे त्यांना तसाच माल विणून इकडे पाठवितां येईल, हें डॉक्टरसाहेबांनीं स्वतःच मांडलें आहे. १८७९-८० च्या सुमारास त्या म्यूझियमचा संग्रह फुटला, तेव्हां त्याचा मोठा भाग साउथ केन्सिंग्टनला गेला. न्यूयॉर्कच्या दुकानदारानें प्वारेचें जें केलें तें किरकोळ होतें. येथें एका देशाच्या विणकरांचें तें सरकारी खर्चानें, ग्रंथरूपानें झालें.

युद्धकाळांत व त्यानंतर यावर उपाय शोधण्याचे प्रयत्न झाले. १९१७ च्या सुमारास खुद्द प्वारेनें अमेरिकेसाठीं 'अस्सल नक्कल' अशा अर्थाच्या पट्टीचे कपडे काढून पाहिले. मादलेन व्हियोने या चतुर बाईनें प्रत्येक झग्याचीं पुढून, मागून व बाजूनें छायाचित्रें घेऊन ठेवण्याचा परिपाठ घातला, आणि पट्टीवर आपल्या आंगठ्याचा ठसा उठविला. आमच्याकडे आंगठा अशिक्षिताची खूण समजला जातो. तिनें तो मालकीची खूण केला.

१९२५ सालीं पॅरिसमध्यें सजावटीच्या व औद्योगिक कलांचें आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलें. जुन्या शैलींच्या नकलांस मज्जाव, नवें असेल तेंच मांडावें, असा त्याचा नियम होता. अमेरिकेनें कांहींच मांडलें नाहीं. पाहावयास मात्र शंभरावर प्रतिनिधींचें शिष्टमंडळ पाठविलें. नक्कलबंदीच्या मांडवांत पाहुणे इतके! प्वारेची पेढी तोंपर्यंत सावकारांच्या हातीं गेली होती, आणि स्त्रियांची रुचि साध्या, आखूड, सुटसुटीत पोशाखाकडे वळली होती. सावकारांनीं प्रदर्शनासाठीं पैसा देण्याचें नाकारलें. प्वारेनें पदरमोड करून सेन नदींत तीन नौका नांगरल्या. 'आमूर', 'देलीस' आणि 'ओर्ग', म्हणजे प्रेम, सुखविलास आणि ऑर्गन वाद्य, अशीं त्यांचीं नांवें. फ्रेंच व्याकरणांत हे तीन शब्द एकवचनीं पुल्लिंगी व अनेकवचनीं स्त्रीलिंगी चालतात. व्याकरणाची अशी कोटी नौकांवर रंगविणाऱ्या शिंप्याविषयीं आम्हां मास्तरांस थोडा लोभ वाटला तर वाचकांनीं क्षमा करावी. एका नौकेंत भोजनगृह होतें; दुसरींत राऊल द्यूफी या चित्रकारानें रंगविलेले चौदा भव्य पडदे लावून त्यांपुढें पोशाख दाखवीत. लोक आले, पाहून थक्क झाले, आणि निघून गेले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत प्वारेला आपला चित्रसंग्रह लिलावांत काढावा लागला.

तेथून जवळच, आलेक्सांद्र पुलावर, रशियांतून आलेल्या सोनिया दलोने या चित्रकर्तीनें झाक एम या सहकाऱ्याबरोबर एक लहानसें दुकान घेतलें होतें. नौका नाहींत, भोजन नाहीं. रंगांचे चौकोन व वर्तुळें छापलेलें कापड आणि त्याचे कोट. १९२७ सालीं सोरबॉनमधील व्याख्यानांत तिनें असें कापड सुचविलें कीं, ज्यावर नक्षी आणि बेत दोन्ही एकदमच छापलेलीं असावीं, म्हणजे घेणारानें कोठेंहि नेऊन कापून शिवावें. बेत चोरीस जाणारच असेल तर तोच विकावा, असा आम्ही त्याचा अर्थ करितों. १९२९ नंतरच्या मंदींत तिचाहि कारखाना टिकला नाहीं. परंतु अ‍ॅम्स्टरडॅमचें मेट्झ हें दुकान तिच्या नक्षीचें कापड पुढें वर्षानुवर्षें घेत राहिलें. एक परदेशी खरें गिऱ्हाईक, हजारों पाहुण्यांच्या बदल्यांत.

प्वारेचें दुकान १९२९ सालीं बंद झालें, आणि शिल्लक राहिलेले कपडे चिंध्यांच्या भावानें, किलोवर विकले गेले. १९४४ सालीं तो पॅरिसमध्यें दारिद्र्यांत वारला. दनीझनें १९२८ सालींच त्याच्यापासून घटस्फोट घेतला होता. पण त्यानें तिच्यासाठीं बेतलेले झगे तिनें जपून ठेविले. २००५ सालीं पॅरिसमध्यें त्यांचा लिलाव झाला. कांहीं झगे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानें घेतले, आणि २००७ सालीं तेथें प्वारेच्या पोशाखांचें मोठें प्रदर्शन मांडलें.