मोहल्ल्या-मोहल्ल्यात तलवार

अहमद निजामशहाला तलवारीचा भारी नाद. १४९० मध्ये भिंगारजवळ बहमनी फौजेला धूळ चारून तो मोकळा झाला, पुढे सीनेकाठी स्वतःच्या नावाचं शहर वसवलं, आणि धन्याचा नाद रयतेला लागला. एरवी शहरात मदरसे निघायचे. अहमदनगरात मोहल्ल्या-मोहल्ल्यात तलवारबाजीचे आखाडे निघाले, असं इतिहासकार फरिश्ता लिहितो. बैठकीतही दुसरा विषय नसे.

आखाड्यात जो तो स्वतःला वस्ताद समजू लागला. कोण सरस यावरून तंटा झाला की जोडी थेट दरबारात. शहा म्हणे, माझ्यासमोर लढा. आधी वार बसवील तो श्रेष्ठ. मग रोज गर्दी, आणि दरबाराच्या दारात रोज दोन-तीन मुडदे. शहालाच अखेर किळस आली. पण त्याने झुंजी बंद केल्या का? छे. माझ्यासमोर नको, बाहेर मैदानात लढा, म्हणाला. वर दंडक घातला की मेलेल्याचा सूड कुणी घ्यायचा नाही. रस्त्याने जाताना परस्त्री दिसू नये म्हणून उजवी-डावीकडे मान न वळवणारा हा मर्यादशील माणूस. इथे मात्र सुटला.

हे खूळ मग दख्खनभर पसरलं. क्षुल्लक भांडणावरून पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्यांनी भर बाजारात एकमेकांना कापलेलं विजापुरात पाहिल्याचं फरिश्ता सांगतो. त्याची खरी तक्रार वेगळी आहे: पायी तलवार फिरवण्याच्या नादात दख्खनी लोक घोडा, भाला, तिरंदाजी विसरले, गल्लीत वाघ, रणात ढिले. फरिश्ता मूळचा इराणकडचा, दख्खनी-परदेशी वैराच्या काळातला. तेव्हा हे थोडं सांभाळूनच घ्यावं. पण तो नगरातच वाढला होता, तिथल्या पुढच्या एका निजामशहाच्या पदरी शिपाईगिरीही केली होती. शिपायाचं हे निरीक्षण उडवून लावता येत नाही.

माझ्या मते दोष आखाड्यांचा नव्हता. शिकवणारे शिकवतच होते. मरणाला मान दिला तो दरबाराने.

फेब्रुवारी २०२५ मध्ये याच नगर शहरात, वाडिया पार्कवर, महाराष्ट्र केसरीचा आखाडा रंगला. पंचांच्या निकालावरून तिथेही राडा झाला. वाद एवढाच होता की पाठ टेकली की नाही.