तबकडीचा खेळ आणि त्याचे पंच

उडती तबकडी म्हटले की आपल्या मनात प्रथम उभे राहते ते परग्रहावरील मंडळींचे वाहन. ज्या तबकडीविषयी मला येथे बोलावयाचे आहे, तिचा त्या वाहनाशी संबंध एवढाच की, १९४७ साली अमेरिकेत आकाशात अशा तबकड्या दिसल्याची आवई उठली आणि पुढच्याच वर्षी फ्रेड मॉरिसन नावाच्या कल्पक गृहस्थाने एका भागीदारासह हाताने फेकावयाची प्लास्टिकची तबकडी बाजारात आणली. हाच मनुष्य महायुद्धापूर्वी लॉस एंजेलिसजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर, पाच सेंटला मिळणारी केकची पत्र्याची थाळी खेळणे म्हणून पंचवीस सेंटला विकत असे. १९५५ मध्ये त्याने तबकडीचा नवा घाट काढला. १९५७ मध्ये व्हॅम-ओ कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि त्याच वर्षी तिचे ‘फ्रिस्बी’ असे बारसे केले. हे नाव ब्रिजपोर्ट गावच्या फ्रिस्बी नामक भटारखान्याचे. तेथल्या रिकाम्या थाळ्या येल विद्यापीठाचे विद्यार्थी एकमेकांकडे भिरकावीत, अशी आख्यायिका आहे. पुढे एड हेड्रिक याने तबकडीच्या पाठीवर कंगोरे काढून तिचे वजन वाढविले आणि १९६७ मध्ये त्याचे एकस्व मिळविले. तबकडी आता डळमळेनाशी झाली, आणि तेव्हापासून तिच्याशी कौशल्याचा खेळ मांडता येऊ लागला.

या खेळाच्या अनेक शाखा निघाल्या. त्यांपैकी जिला ‘फ्रीस्टाइल’ म्हणतात, तिचा इतिहास मला विशेष मनोरंजक वाटतो. आपल्याकडे फ्रीस्टाइल म्हटले की दारासिंगांची कुस्ती आठवते. येथे मात्र प्रतिस्पर्ध्याला चीत करणे तर दूरच, त्याला हात लावण्याचेही कारण पडत नाही. दोघे वा तिघे सहकारी चारपाच मिनिटे, बहुधा स्वतः निवडलेल्या संगीताच्या साथीने, तबकडी फेकतात, तिला पायाने वा कोपराने उडवितात आणि पाठीमागे, मांडीखालून किंवा उडी घेऊन झेलतात. सारा खेळ तबकडीच्या गरक्यावर चालतो. भोवरा हवेतल्या हवेत हातावर घेणारी, ‘हातजाळी’ करणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको. गरका आहे तोवर वस्तू उभी राहते. तो सरला की ती कलंडते.

१९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास खेळाडूंना या गरक्याचे मर्म सापडले. फिरती तबकडी लगेच न झेलता तिच्या पोटाखाली बोटाचे नख धरले, तर ती त्या नखावर फिरत राहते. सुदर्शनचक्राचे चित्र आपण सर्वांनी पाहिलेले आहे. हे त्याचेच मर्त्य रूप. घर्षण कमी व्हावे म्हणून खेळाडू तबकडीला सिलिकोनचा फवारा मारू लागले, बोटांवर कृत्रिम नखे चिकटवू लागले. तोवर हा खेळ म्हणजे झटपट फेक आणि झटपट झेल होता. आता खेळाडूला मध्ये विचार करावयास सवड मिळाली, आणि रचना ही गोष्ट त्यात शिरली.

स्पर्धा मात्र त्याआधीच सुरू झाली होती. केन वेस्टरफील्ड आणि जिम केनर हे दोघे कॅनडातील टोरांटो शहराच्या रस्त्यांवर तबकडीचे खेळ करून दाखवीत. १९७४ मध्ये तेथील कॅनेडियन ओपन स्पर्धेत त्यांनी फ्रीस्टाइलचा प्रकार प्रथम समाविष्ट केला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील स्पर्धांनीही तो उचलला. केनर याने नंतर तबकड्या बनविणारी डिस्क्राफ्ट ही कंपनी काढली.

आणि येथे एक अवघड प्रश्न उभा राहिला. गोल मोजता येतात, अंतर फुटांत सांगता येते. पण सुंदर झेलाला गुण किती द्यावयाचे? हा प्रश्न महाराष्ट्राला परका नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला ऊर्जितावस्था आणली, तेव्हा तो मल्लाच्या मेहनतीचा भाग होता. कोणी कोणाला गुण देत नसे. १९५८ साली तो राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत आला, १९८१ साली उज्जैन येथे त्याची स्वतंत्र अखिल भारतीय स्पर्धा झाली, आणि दोरीवरच्या व खांबावरच्या प्रत्येक पकडीला हिशेब लागला.

तबकडीवाल्यांनी या प्रश्नावर जे उत्तर काढले, ते मला धाडसाचे वाटते. १९७८ मध्ये त्यांनी खेळाडूंची स्वतःची संघटना स्थापन केली, आणि पंच बाहेरून आणण्याऐवजी खेळाडूंनाच पंच केले. एका गटाचे खेळाडू मैदानात उतरले की दुसऱ्या गटाचे खेळाडू पाट्या घेऊन कडेला बसतात. पंच तीन प्रकारचे: काठिण्य पाहणारे, चुका मोजणारे आणि कलात्मकता जोखणारे. काठिण्याचा पंच दर पंधरा सेकंदांनी आकडा लिहितो. तबकडी भुईवर पडली की गुण कापले जातात. डावा गरका आणि उजवा गरका दोन्ही ज्याला साधतात, त्याचे काठिण्य वाढते. ज्यांनी सहकाऱ्यांचे गोपनीय अहवाल लिहिले आहेत आणि आपलाही कोणी लिहीत आहे हे जाणून लिहिले आहेत, त्यांना या पद्धतीतील संकोच सहज कळेल. परिचय आड येतो. गतवर्षीच्या नावलौकिकाचा भार आकड्यावर पडतो. तरीही मी तिच्याच बाजूचा आहे. नखावरची तबकडी वाऱ्यात किती डगमगत होती, हे ज्याचे स्वतःचे नख कधी झिजले नाही त्याला दिसणे कठीण.

याचे एक कारण पैसा नसणे हेही आहे. उडत्या तबकडीच्या जागतिक महासंघाला २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची पूर्ण मान्यता मिळाली खरी. परंतु त्या वैभवात मोठा वाटा सांघिक ‘अल्टिमेट’चा. फ्रीस्टाइलवाले राहिले थोडे, एकमेकांना नावाने ओळखणारे, आणि अमेरिकेइतकेच जर्मनीत व इटलीत रमणारे. आमच्या चरोद्यात रेल्वेच्या वसाहतीतील मुले संध्याकाळी प्लास्टिकची तबकडी फेकतात, त्यांना यातले काही ठाऊक नसते. पण एखादा मुलगा ती पाठीमागे झेलतो तेव्हा बाकीचे जो ओरडा करतात, तो पंचांच्या पाटीवरच्या आकड्याहून जुना आहे.

त्या ओरड्याला खेळाडूंनी कधी सोडले नाही. स्पर्धेबाहेर कडे करून, संगीत लावून, गुणांवाचून तासन्‌तास खेळणे यास ते ‘जॅम’ म्हणतात. नवी करामत बहुधा तेथेच जन्मते आणि नंतर स्पर्धेत उतरते. अंतिम फेरी आटोपली की गुण देणारे आणि गुण घेणारे पुन्हा एकाच कड्यात उभे राहतात, आणि तबकडी ज्याच्या वाट्याला येईल तो नख पुढे करतो.