पुण्यात बदललेली दोन पेनं

पुण्या-मुंबईत हल्ली शाईच्या पेनांचे शौकीन एकत्र जमतात. आपापली आवडती पेनं टेबलावर मांडतात, एकमेकांच्या निब चालवून बघतात, कुठली शाई कुठल्या कागदावर कशी उतरते यावर तासन् तास बोलतात. मला त्याचं वावडं नाही. चांगलं पेन हातात आलं की मीही टोपण उघडून चार अक्षरं गिरवून बघतो. पण या महाराष्ट्रातल्या एका फार मोठ्या पेनशौकिनाचं नाव त्या गप्पांत निघतं का, असा प्रश्न मला पडतो.

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा. या सहा तालुक्यांत फिरा. वस्तीतल्या चौकात निळा कोट घातलेला बाबासाहेबांचा पुतळा दिसेल आणि त्या कोटाच्या खिशाला पेन दिसेल. बाबासाहेबांना चांगल्या फाउंटन पेनांची मनापासून आवड होती, हे त्यांच्या सहवासातल्या माणसांनी लिहून ठेवलं आहे. काही जण ही आवड 'साहेबी थाट' म्हणून मोडीत काढतात. मित्रांनो, ज्या पोराला साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागलं, त्याने पुढे उत्तम पेन विकत घेणं आणि पिढीजात लेखणीवाल्याने पेन गोळा करणं, या दोन गोष्टी एकाच मापाने मोजता येतील का?

वाशिमच्या माणसाला तर हे वेगळं सांगायला नको. हे गाव म्हणजे वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म. इथल्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा चौथ्या शतकातला ताम्रपट प्रसिद्ध आहे. काय लिहिलंय त्यात? आपल्या राज्यकाळाच्या ३७व्या वर्षी राजाने एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिल्याची नोंद आहे. दान घेणाऱ्यांची नावं गोत्रासह तांब्यावर कोरली आहेत. त्या गावात नांगर धरणारा कोण होता, मेलेलं ढोर ओढणारा कोण होता, हे कोरायची गरज कुणाला वाटली नाही. (याच घराण्यातल्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं बौद्ध संघाला दिलं, आणि तेही तिथे कोरलेलं आहे. म्हणजे दोष लेखणीचा नाही.)

आता ज्या पेनांसाठी हा लेख लिहायला घेतला त्यांच्याकडे येतो. २४ सप्टेंबर १९३२, शनिवार, पुणे. गांधीजींचं उपोषण येरवडा तुरुंगात २० तारखेपासून चालू होतं. संध्याकाळी करारावर सह्या झाल्या. सवर्ण हिंदूंच्या बाजूने मदनमोहन मालवीय, अस्पृश्यांच्या बाजूने बाबासाहेब, आणि बरोबर सप्रू, जयकर, राजगोपालाचारी, एम. सी. राजा अशी मंडळी. धनंजय कीरांनी चरित्रात नोंदवलंय की राजगोपालाचारींना इतका आनंद झाला, की त्यांनी आपलं फाउंटन पेन बाबासाहेबांना दिलं आणि बाबासाहेबांचं स्वतः घेतलं.

किती गोड प्रसंग! शाळेच्या पुस्तकात शोभावा असा. राजाजींच्या आनंदाबद्दल मला शंका नाही. गांधीजींचा प्राण वाचला होता. पण पेनांची अदलाबदल बरोबरीची होती, कागदावरची होती का?

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जाहीर झालेल्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना दोन मतं दिली होती. एक स्वतंत्र मतदारसंघात, आपला माणूस आपणच निवडण्यासाठी. दुसरं सर्वसाधारण मतदारसंघात. हे दुसरं मत म्हणजे खरी चावी होती, कारण सवर्ण उमेदवारालाही मत मागायला महारवाड्यात, मांगवाड्यात यावं लागलं असतं. पुणे कराराने राखीव जागा वाढवल्या, प्रांतिक कायदेमंडळांत एकूण १४८. मध्य प्रांताच्या वाट्याला २० आल्या; आपलं वाशिम तेव्हा वऱ्हाडातल्या अकोला जिल्ह्यात होतं. पण स्वतंत्र मतदारसंघ गेला आणि दुसरं मतही गेलं. अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक फेरीत चार नावं निवडायची, आणि त्या चौघांतला कोण जिंकणार हे संयुक्त मतदारसंघाने, म्हणजे बहुसंख्य सवर्णांनी ठरवायचं. आकडा वाढला, पण कुणाला निवडायचं याचा अधिकार दुसऱ्याच्या हातात गेला. १९४५ साली काँग्रेस आणि गांधी यांच्यावर लिहिलेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी हा हिशोब सविस्तर मांडला आणि त्या दुसऱ्या मताची किंमत जागांच्या आकड्यापेक्षा मोठी ठरवली. आजच्या राखीव मतदारसंघात निवडून आलेला आमदार वस्तीवर अत्याचार झाला तरी गप्प का बसतो, याचं एक उत्तर त्या संध्याकाळच्या कागदात आहे.

आपल्या तरुणांनाही एक सांगायचंय. 'संविधान ज्या पेनाने लिहिलं ते हेच पेन' अशा मजकुराचे फोटो दर एप्रिलला फिरतात. कृपया थांबा. संविधानाचे मसुदे टाइप झाले, छापले गेले, कलमागणिक दुरुस्त झाले. संसदेत जपलेली सुंदर हस्तलिखित इंग्रजी प्रत प्रेम बिहारी नारायण रायजादा या सुलेखनकाराची, आणि ती टाकाच्या निबने उतरवलेली. बाबासाहेबांचं कर्तृत्व सिद्ध करायला पेन शोधावं लागत नाही. ५ नोव्हेंबर १९४८ ला टी. टी. कृष्णमाचारींनी संविधान सभेतच सांगून ठेवलंय, की मसुदा समितीच्या सात सदस्यांपैकी कुणी राजीनामा दिला, कुणी वारलं, कुणी अमेरिकेत होतं, आणि शेवटी सगळा भार एकट्या आंबेडकरांवर पडला.

चैत्यभूमीवर हारफुलांऐवजी 'एक वही, एक पेन' न्यायची पद्धत आता रुजली आहे. जमा होणारी पेनं बहुतेक पाच-दहा रुपयांची बॉलपेनं असतात. पेनशौकिनांच्या टेबलावर त्यांना जागा नाही. माझ्या यादीत ती वर आहेत.

५ डिसेंबर १९५६ ची रात्र. दिल्लीत अलीपूर रोडच्या घरी बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेची टाइप केलेली प्रत आणि आचार्य अत्रे व एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रं नानकचंद रत्तूंकडून पलंगाजवळ मागवून घेतली. रात्री त्यांना त्यावरून नजर फिरवायची होती.